सात पिनांचा क्रम एकदा ठरवून टाका : साखर कारखान्यांना एका वायरमनचं खुलं पत्र

प्रति,
सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या साखर कारखान्यांचे चेअरमन, कार्यकारी संचालक आणि शेती विभागाचे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

बेंदूर होऊन गेला. तुमच्या शेती ऑफिसात आता तोडणी-वाहतुकीच्या करारांची गर्दी असेल. स्टँपपेपर, जामीनदार, उचल, सगळं चालू असेल. त्या करारात ट्रॉलीच्या मागच्या दिव्यांबद्दल, ते ट्रॅक्टरला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगबद्दल, एक ओळ वाढवा, एवढं सांगायला हे पत्र लिहितोय. दिवाळीनंतर लिहिलं तर वरातीमागून घोडं. तेव्हा मोळी पडलेली असते, गव्हाणीला ऊस लागलेला असतो आणि ट्रॉलीचा मागचा दिवा लागतो का, हे विचारायला कुणाला सवड नसते.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. पाटीवर ‘सेल्फ, डायनॅमो, बॅटरी, वायरिंग’ असं लिहिलंय. कृष्णाकाठच्या एका नाक्यावर बावीस वर्षं दुकान आहे. हंगामाचे पाच महिने माझं निम्मं काम ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांचं असतं. त्यामुळं एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर वीस-बावीस टन ऊस, आणि या सगळ्याच्या शेपटाला काळोख, हे दृश्य मी पुस्तकात वाचलेलं नाही. दुकान बंद करून घरी जाताना रोज माझ्याच मोटरसायकलच्या उजेडात ते समोर येतं.

आधी माझ्याच हातून झालेलं सांगतो, म्हणजे पुढचं बोलायचा मला अधिकार आहे की नाही ते तुम्ही ठरवाल.

काही वर्षांपूर्वी मी एका ट्रॉलीचं वायरिंग केलं. दुकानात पिवळ्या वायरचं बंडल संपलं होतं, म्हणून डाव्या इंडिकेटरला लाल वायर ओढली. मला ठाऊक होतं, मालकाला सांगितलं होतं, त्याच्या ट्रॅक्टरला सगळं बरोबर चालत होतं. पुढं दोन हंगामांनी ती ट्रॉली दुसऱ्यानं भाड्यानं घेतली. त्याच्या ट्रॅक्टरचं वायरिंग दुसऱ्या गावच्या दुकानात झालेलं, आणि तिथं लाल वायर म्हणजे ब्रेक लाईट. प्लग तुटलेला होता. ड्रायव्हरनं फडात, रात्री, मोबाइलच्या उजेडात वायरी सोलल्या आणि लालला लाल जोडली. शहाण्या माणसानं दुसरं काय करावं? जानेवारीतल्या एका रात्री तो उजवीकडं वळायला लागला. उजवा इंडिकेटर त्यानं दिला होता. तो ट्रॅक्टरवर लुकलुकत होता, म्हणजे उसाच्या पुढं, मागच्याला दिसणार नाही अशा जागी. ट्रॉलीवर त्या वायरीला जोडीच मिळाली नव्हती. वेग कमी करायला त्यानं ब्रेक दाबला आणि ट्रॉलीचा डावा इंडिकेटर पेटला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्या पोराला वाटलं, हा डावीकडं निघाला. तो उजवीकडून पुढं गेला.

पोरगं वाचलं. पाय दोन ठिकाणी मोडला. कागदावर ‘ड्रायव्हरचा निष्काळजीपणा’ आलं. ती ट्रॉली दुरुस्तीला माझ्याकडंच आली, तेव्हा लाल वायर बघून मी ओळखली. त्यानंतर आजपर्यंत मी कुठल्याही ट्रॉलीला मनच्या रंगाची वायर ओढलेली नाही. पण माझ्या एकट्याच्या शिस्तीनं काय होणार? मिरजेपासून कराडपर्यंत माझ्यासारखी दुकानं किती, आणि प्रत्येकाचा आपला रंग, आपला क्रम. माझी शिस्त शेजारच्या गावात चूक ठरते.

मुद्दा इथंच आहे. ट्रॅक्टर एकाचा, ट्रॉली दुसऱ्याची, कधी दोन ट्रॉल्या दोघांच्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरची व्याख्या वेगळी आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. पण या वाहनाला स्वतःची बॅटरी नाही, ब्रेकचं पेडल नाही, स्विच नाही. त्याचे दिवे पुढच्याच्या हुकुमावर चालायचे. हुकूम एका भाषेत आणि ऐकणारा दुसऱ्या भाषेतला, असं झालं की काय होतं ते वर सांगितलं. या दोघांची भाषा एक करणं ट्रॅक्टरवाल्याच्या हातात नाही, ट्रॉलीवाल्याच्या नाही, माझ्याही नाही. तुमच्या हातात आहे, कारण यातली प्रत्येक ट्रॉली हंगामभर तुमच्या काट्यावर येऊन उभी राहते.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही दरवर्षी रिफ्लेक्टर लावतो. लावता, खरं आहे. हंगामाच्या सुरुवातीला कार्यक्रम होतो, आरटीओचे साहेब येतात, ट्रॉलीला लाल कापड आणि बैलांच्या शिंगांना रेडियम लागतं, फोटो निघतो. बैलगाडीला तेच पाहिजे, तिला बॅटरी कुठली? पण रिफ्लेक्टर म्हणजे उसना उजेड. मागच्याचा हेडलाईट नीट त्याच्यावर पडला तरच तो चमकणार. पंधरा दिवसांत त्याच्यावर रस्त्याची धूळ आणि फडातला चिखल बसतो. वरून उसाचे शेंडे लोंबतात. आणि कितीही चांगला असला तरी तो ‘इथं काहीतरी आहे’ एवढंच सांगतो. ते थांबतंय का, वळतंय का, हे सांगायची त्याची ताकद नाही.

हिशेब करून बघा. ट्रॅक्टर ताशी वीसनं चाललाय, मागून मोटार ऐंशीनं येतेय. अंतर ताशी साठच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा मीटरनं मिटतंय. समोरून गाडी येतेय म्हणून मोटारवाल्यानं डिपर मारलाय, म्हणजे हेडलाईटचा झोत खाली केलाय, त्या उजेडात चाळीसेक मीटर दिसतं. म्हणजे हातात सव्वादोन-अडीच सेकंद. तेवढ्यात बघायचं, ओळखायचं आणि ब्रेक मारायचा. पेटलेला दिवा मात्र सरळ रस्त्यावर अर्ध्या किलोमीटरवरूनही दिसतो.

दिवे का चालत नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘ड्रायव्हर बेफिकीर’ असं दिलं जातं. काही असतात बेफिकीर. टेपच्या स्पीकरला जाडजूड वायर आणि टेललाईटला घराच्या फिटिंगमधली उरलेली, अशीही गिऱ्हाईकं मी बघितलीत. काहीजण येऊन सरळ म्हणतात, “पासिंगपुरतं करून द्या.” पण एकदा रात्री फडावर जाऊन उभे राहा. रान ओलं असलं तर दोन ट्रॉल्या एकदम आत नेता येत नाहीत. एक बांधावर सोडायची, एक आत न्यायची, भरायची, कधी दुसरा ट्रॅक्टर पुढं जुंपून ओढून काढायची, रस्त्याला लावायची, मग दुसरी आत. मग दोन्ही एकामागं एक जोडायच्या. म्हणजे एका खेपेत वायरी तीन-चार वेळा सुटतात आणि जोडल्या जातात. जोडणारा माणूस सकाळपासून जागा असतो. वायरी पीळ मारून, टेप गुंडाळून जोडलेल्या असल्या तर तो पहिल्या दिवशी टेप सोडतो, दुसऱ्या दिवशी ओढून तोडतो आणि तिसऱ्या दिवसापासून जोडतच नाही. मीही जोडल्या नसत्या.

म्हणून सॉकेट आणि प्लग. खटकन बसला पाहिजे, खटकन निघाला पाहिजे. यात नवीन शोध काही नाही. आताच्या अनेक ट्रॅक्टरांना मागं सात पिनांचं गोल सॉकेट कंपनीकडूनच येतं. मी ते उघडतो तेव्हा बहुतेक वेळा आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं असतं, कारण पहिल्या दिवसापासून त्यात कुणी काही घातलेलंच नसतं. ट्रॉलीकडं त्याला जोडी नाही. आणि पहिल्या ट्रॉलीच्या पाठीमागं, दुसरीसाठी, दुसरं सॉकेट तर मी गेल्या हंगामात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ट्रॉल्यांना बघितलं. ते नसेल तर दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत करंट जाणार कुठून? आणि मागच्या गाडीला दिसते ती तर दुसरीच ट्रॉली.

या सात पिनांचा क्रम बारा व्होल्टच्या गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर कधीच ठरलेला आहे. एक नंबरला डावा इंडिकेटर, पिवळी वायर. तीनला अर्थ, म्हणजे करंट परत जायची अर्थिंगची वाट, पांढरी. चारला उजवा इंडिकेटर, हिरवी. पाचला उजवा टेललाईट, तपकिरी. सहाला ब्रेक, लाल. सातला डावा टेललाईट, काळी. दोन नंबरची निळी वायर परदेशात धुक्यातल्या मागच्या दिव्यासाठी असते. आपण ती मोकळी ठेवू. आकडे चांगल्या सॉकेटमध्ये पिनांच्या शेजारी कोरलेले असतात. एवढंच एका कागदावर छापा, खाली कारखान्याचा शिक्का मारा आणि तुमच्या कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक वायरिंगच्या दुकानात चिकटवायला द्या. मी माझ्या भिंतीवर आधीच खडूनं लिहून ठेवलंय, पण माझ्या खडूला शेजारच्या दुकानात कोण विचारतो? तुमच्या शिक्क्याला विचारतील.

त्या कागदावर एक सूचना ठळक अक्षरात घाला : आकडा बघून जोडा, जागा बघून नको. सॉकेट तोंडाकडून बघितलं तर पिना एका दिशेनं फिरतात, वायरी कसायला मागून बघितलं तर उलट्या दिशेनं. शिकाऊ पोरं इथंच फसतात आणि डावा-उजवा बदलतात. मी स्वतः वस्तादाच्या हाताखाली असताना यासाठी दोनदा शिव्या खाल्ल्यात.

आता पांढऱ्या वायरीबद्दल जरा सविस्तर, कारण खरी मेख तिथं आहे आणि लोकांना पटवून द्यायला सगळ्यात जड तीच जाते. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून जाऊन परत बॅटरीला यावा लागतो. ट्रॅक्टरवर तो लोखंडातून, चासीतून परत येतो. मग ट्रॉलीवाल्याला वाटतं, ट्रॉलीही लोखंडाचीच, हूकही लोखंडाचा, वेगळी वायर कशाला? पण हूक आणि ड्रॉबारची पिन बघा. ग्रीस, गंज, चिखल, आणि चालताना सतत आपटणं. करंट तिथं लागतो, सुटतो, लागतो, सुटतो. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत असे दोन सांधे. मग ड्रायव्हर येऊन सांगतो, “ब्रेक दाबला की टेललाईट जातोय, इंडिकेटर दिला की सगळंच लुकलुकतंय, भूत शिरलंय.” भूत कसलं! मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, पाच वॉटची टेलची आणि एकवीस वॉटची ब्रेकची, आणि दोघींची परतीची वाट एकच. ती वाट बंद झाली की ब्रेकचा करंट टेलच्या तारेतून उलटा शिरतो, तिथून दुसऱ्या बल्बात, आणि घरी जायची वाट शोधत सगळ्या ट्रॉलीभर हिंडतो. दुकानात आलेल्या अशा दहा भुतांपैकी आठ-नऊ मी एका पांढऱ्या वायरीनं उतरवलेली आहेत. ती वायर दिव्यापासून निघून प्लगमधून थेट ट्रॅक्टरच्या चासीपर्यंत गेली पाहिजे, रंग खरवडून, थिंबल लावून, बोल्टखाली कसून.

दुसरी गोष्ट वायरीची जाडी. ट्रॅक्टरपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या टोकापर्यंत पंधरा मीटर धरा. जायला पंधरा, यायला पंधरा, तीस मीटर तांबं. मागचे दोन ब्रेकचे बल्ब मिळून बेचाळीस वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअर. पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर घातली तर अडीच व्होल्टच्या आसपास वाटेतच मरतात. बारातले साडेनऊ दिव्याला मिळाले. साध्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज एक पंचमांश उतरलं तर उजेड निम्म्याहून खाली येतो. दिवा लागलेला असतो, मालक म्हणतो लागतोय की, आणि मागच्याला तो विझत आलेल्या विडीसारखा दिसतो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली तर नुकसान पाऊण व्होल्टच्या आत राहतं. करारात ‘मागील दिवे असावेत’ एवढंच लिहू नका. वायरीची जाडीही लिहा. नाहीतर काय मिळेल ते मला पक्कं ठाऊक आहे.

एलईडीचे दिवे घेतले तर करंट अगदी थोडा लागतो, वाटेतली घट जवळजवळ संपते, आणि दणक्यांनी बल्बची तार तुटते ती कटकटही जाते. मी आता तेच सुचवतो. पण ट्रॅक्टर जुना असेल तर त्यातला फ्लॅशर पत्तीचा असतो. बल्बच्या करंटनं पत्ती तापायची, वाकायची, सुटायची, तेव्हा इंडिकेटर लुकलुकायचा. सगळीकडं एलईडी लावले तर पत्ती तापतच नाही आणि इंडिकेटर नुसता पेटून राहतो. उलट बाजूनं, साधेच बल्ब ठेवून दोन ट्रॉल्या वाढवल्या तर एका बाजूला एकवीस वॉटचे चार बल्ब होतात, सात अँपिअर, आणि दोन बल्बांसाठी बनवलेल्या फ्लॅशरचं डोकं फिरतं. दोन्हींवर औषध एकच : इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. आणि ट्रॉल्यांचा भार ट्रॅक्टरच्या मूळ वायरिंगवर टाकायचाच नाही. बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजमधून लाईन घ्यायची, मधे रिले बसवायचे. ट्रॅक्टरचा स्विच रिलेला नुसता इशारा करील, वजन रिले उचलील. ट्रॅक्टरची वायरिंग जळाली म्हणून ट्रॉलीचे दिवे कायमचे तोडून टाकलेले मालक मला भेटलेत. त्यांचा राग चुकीचा नव्हता, त्यांचं कनेक्शन चुकीचं होतं.

मित्राचा मुलगा अमेरिकेत, टेक्सासात असतो. घर बदलताना त्यानं मोटारीमागं छोटा ट्रेलर लावला आणि मला फोन केला. तिकडं बऱ्याच गाड्यांना ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल दिव्यात असतात, त्याच्या गाडीला इंडिकेटर वेगळा पिवळा होता, ट्रेलर मात्र लाल पद्धतीचा. मी म्हटलं, आता आली पंचाईत. तो म्हणाला, काही नाही काका, दुकानात छोटी डबी मिळते, दोन्ही पद्धती जुळवून देते. पुढं चार वायरींचा चपटा प्लग, पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डावी, हिरवी उजवी, कुठल्याही दुकानात हेच. अर्ध्या तासात त्याचे दिवे चालू. दोन गाड्यांचं आतलं वायरिंग वेगळं असलं म्हणून काही बिघडत नाही; मधला सांधा ठरलेला असला की झालं.

आता तुमच्या शेती अधिकाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न : दिवे लावले तरी यार्डात फुटतात. फुटतात, मान्य. रांगेत मागचा ट्रॅक्टर नाक घुसवतो, क्रेनच्या साखळ्या आपटतात. शिवाय ऊस मागं इतका लोंबतो की चासीवरचा दिवा शाबूत असूनही झाकला जातो. यावर माझं म्हणणं असं की शेवटच्या ट्रॉलीचे दिवे ट्रॉलीला कायमचे बसवूच नका. ट्रॉलीच्या रुंदीची पत्र्याची एक पट्टी करा. तिच्यावर दोन्ही टोकांना टेल, ब्रेक, इंडिकेटर, मधे नंबर आणि त्याचा छोटा दिवा, बाजूला लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर. पट्टीला अडकवायला दोन हूक आणि टोकाला प्लग असलेली वायर. ऊस भरून, दोर आवळून झाला की पट्टी मागं बाहेरच्या बाजूला, उसाच्याही मागं, अडकवायची आणि प्लग खोचायचा. काट्यावर भरलेलं वजन झालं की काढून ट्रॅक्टरवर ठेवायची. परत निघताना पुन्हा लावायची. ट्रॉली कुणाचीही असो, पट्टी ट्रॅक्टरबरोबर राहते. परदेशात अशा पट्ट्या छोट्या ट्रेलरना सर्रास वापरतात. मी गेल्या हंगामात तीन करून दिल्या. त्यातल्या दोन पट्ट्या हंगाम संपेपर्यंत टिकल्या. तिसरी कुणीतरी पळवली, म्हणजे चीज उपयोगाची असावी!

पट्टी आली म्हणून ट्रॉल्यांमधली सात वायरींची केबल आणि पहिल्या ट्रॉलीमागचं सॉकेट चुकत नाही, हेही लिहून ठेवतो. आणि दोन्ही ट्रॉल्यांच्या कडेला पिवळे रिफ्लेक्टर हवेत. अंधारात रस्ता ओलांडणारी ट्रॉली बाजूनं दिसतच नाही.

तपासणी कुठं करायची, तर काट्यावर. पण भरल्या गाडीला अडवू नका. ऊस वाळला की वजन घटतं आणि त्यात शेतकऱ्याचं नुकसान. त्याचा यात काय दोष? रिकाम्या वजनाला गाडी पुन्हा काट्यावर येते आणि अर्धा-एक मिनिट तरी उभी राहते. तेव्हा पट्टी लावलेली असावी, ड्रायव्हरनं टेल, ब्रेक, डावा, उजवा असे चार खटके मारावेत आणि मागं उभ्या माणसानं बघावं. पंधरा सेकंदांचं काम. नाही लागले तर त्या गाडीला पुढची भरणा स्लिप दुरुस्तीनंतर. रात्रीच्या पाळीला एक वायरमन यार्डात बसवा. ट्रॅक्टर यार्डात नंबर लावून आठ-आठ, दहा-दहा तास उभे असतात. ड्रायव्हर ट्रॉलीखाली चादर टाकून झोपलेले असतात. दुरुस्तीला याहून चांगला वेळ कुठला? आमच्या धंद्यातली दोन-चार पोरं पाळी करायला आनंदानं येतील, हे मी आत्ताच विचारून ठेवलंय.

पैशाचं म्हणाल तर माझ्या दुकानाच्या भावानं सगळं काम, म्हणजे सॉकेट, प्लग, केबल, रिले, एलईडीची पट्टी आणि मजुरी, ट्रॅक्टरच्या मागच्या एका नव्या टायरच्या किमतीत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चार जोड्यांचं होईल. हे पैसे मालकाकडून एकरकमी मागाल तर तो माझ्याकडं येऊन ‘पासिंगपुरतं’ करून नेईल. तुम्ही सामान एकगठ्ठा घ्या आणि पंधरवड्याच्या वाहतूक बिलातून थोडे थोडे कापा. डिझेलचे कापता, उचलीचे कापता, यालाही कुणी नाही म्हणणार नाही. सामान एकाच बनावटीचं आलं की प्लग आपोआप एकमेकांत बसतील, आणि एकाचा तुटला तर दुसऱ्याचा चालेल.

एक गोष्ट मात्र कृपा करून एकेका कारखान्यानं वेगवेगळी ठरवू नका. ट्रॉल्या काही एकाच कारखान्याच्या नसतात. यंदा तुमच्याकडं, पुढच्या वर्षी नदीपलीकडं. गेटकेनचा, म्हणजे कार्यक्षेत्राबाहेरचा, ऊस तर चाळीस-पन्नास किलोमीटरवरून येतो, वाटेत दोन कारखाने ओलांडून. प्रत्येकानं आपला क्रम काढला तर आज दुकानादुकानांत आहे तोच घोळ उद्या शिक्क्यासकट होईल. ऊसदरावर तुमचं एकमत होणं अवघड असतं, ते आम्ही दरवर्षी बघतो. पिवळी वायर एक नंबरला लावण्यावर व्हायला हरकत नसावी.

बंद पडलेल्या ट्रॉलीबद्दलही दोन शब्द. टायर फुटला की ड्रायव्हर मागं दगड मांडतो, त्यावर उसाचं वाढं खोचतो. ट्रॉली सकाळी जाते, दगड तिथंच राहतात, आणि त्या रात्री त्यावर दुसराच कुणी पडतो. पट्टीवर दोन्ही इंडिकेटर एकदम लुकलुकायचा खटका ट्रॅक्टरला असला आणि बॅटरी धड असली तर दगडांची गरज पडणार नाही. एलईडी असल्यामुळं रात्रभर लुकलुकलं तरी सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत दम राहतो.

पट्टीचा नमुना आणि सात पिनांची एक तपासणी-डबी मी स्वखर्चानं तयार करून ठेवली आहे. डबीत सात छोटे दिवे आहेत; ट्रॅक्टरच्या सॉकेटात खोचली की कुठल्या पिनेवर काय येतंय ते अडाणी माणसालाही कळतं. तुमच्यापैकी ज्या कारखान्याला हवी असेल त्यानं शेती विभागातला माणूस पाठवावा. रविवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही. दसऱ्याला बॉयलर पेटायच्या आत आलात तर पन्नास-साठ जोड्यांचं काम आम्ही तीन-चार दुकानं मिळून उरकू शकतो. त्यानंतर आलात तर रांगेत उभं राहावं लागेल, आणि त्या रांगेत तुमच्याच ट्रॉल्या असतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कृष्णाकाठचा एक वायरमन

ता. क. : सॉकेट घ्याल ते झाकणाचं आणि झाकणाला स्प्रिंग असलेलं घ्या. स्वस्तातलं बिनझाकणाचं घेतलंत तर पुढच्या बेंदराला त्यात पुन्हा कुंभारमाशीच राहत असेल.